झेरॉक्समधली खूण

“शालन कोन?”

बाईंनी मलाच विचारलं. चपला दाराबाहेर काढून त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हाताच्या चिमटीत एसटीचं तिकीट.

चूक माझी. त्यांनी दारातून विचारलं होतं, “निनाददादा सबनीस हितंच अस्त्यात का? खिचडीवाली आलीया म्हनावं.” आणि मी खुर्चीतून उठत, अगदी माहेरचं माणूस आल्यासारखी म्हणाले होते, “अगंबाई, शालनबाई! या, या, आत या!”

“शालन कोन, बाई?”



मी कुडाळकर. समाजशास्त्र विभागात सव्वीस वर्षं टाइप करते आहे. इथून बाहेर पडलेला प्रत्येक मराठी प्रबंध माझ्या बोटांखालून गेलाय, आणि खोटं कशाला बोलू, त्यातलं एक पान मला आठवत नाही. सगळे सारखेच. पण सबनीसचं पाचवं प्रकरण टाइप करताना मी दोनदा उठून तोंड धुऊन आले होते.

एक गाव. गावातल्या शाळेत दुपारची खिचडी शिजवायला बौद्ध वस्तीतली एक बाई कामाला लागते. पहिल्याच दिवशी गावातली एक आई शाळेत येते, लेकराच्या हातातली ताटली ओढून घेते आणि त्या बाईच्या पुढ्यात पालथी करते. दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं घरून डबा आणतात. वस्तीतली आठ लेकरं तेवढी खिचडी खातात. सरपंच म्हणतो, सोड काम. गुरुजी म्हणतात, कशाला वाढवता. बाई बोलत नाही, भांडत नाही, रोज येते, चूल पेटवते, शिजवते, आणि पंगतीच्या जागेवर सगळ्या पोरांसाठी रिकाम्या ताटल्या मांडते. आठ भरलेल्या, बाकी रिकाम्या. एक्केचाळीस दिवस.

बेचाळिसाव्या दिवशी गावातली एक मुलगी डबा दप्तरात ठेवते आणि रिकाम्या ताटलीपुढे येऊन बसते.

त्या बाईचं नाव प्रबंधात शालन होतं. आता ती बाई माझ्यासमोर उभी होती, आणि मी तिला तिचं नाव सांगत होते.

“कुडाळकर, कोण आलंय?” आतून वाघमोडे सरांचा आवाज आला.

मी बाईंना घेऊन सरांच्या खोलीत गेले.

निनाद सबनीस आतच होता. टेबलावर प्रबंधाच्या पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. एक प्रत पहिल्या पानावर उघडलेली आणि सरांच्या हातात पेन. मार्गदर्शकाची सही राहिली होती. प्रबंध सादर करायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. नंतर नोंदणी रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

“मावशी!” निनाद उठलाच. “तुम्ही इथं? अहो, कळवायचंत तरी! सर, या त्याच. ज्यांच्यावर पाचवं प्रकरण आहे. कुडाळकर बाई, चहा सांगा ना.”

खरं सांगते, त्याला आनंद झाला होता. पोरगा वाईट नाही. त्या गावात चार वर्षं जाऊन राहिला, तापाने फणफणला, बाईंच्या घरी भाकरी खाल्ली. हे सगळं मनोगतात लिहिलंय त्याने, मीच टाइप केलंय.

बाई बसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक पाक्षिक काढलं. घडी पडून पडून मधोमध विरलेलं. निनादचं पाचवं प्रकरण फेब्रुवारीत त्या पाक्षिकात लेख म्हणून आलं होतं. तेव्हा आम्ही विभागात पेढे खाल्ले होते.

“दादा, ह्यातली शालन कोन?”

“तुम्हीच, मावशी.” निनाद हसला. “नाव बदललंय फक्त.”

“का?”

“तसं करावं लागतं. नियम आहे. तुमच्या सुरक्षिततेसाठी. उद्या गावातल्या कुणी वाचलं आणि तुम्हाला त्रास दिला तर?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं.

“दादा, एक्केचाळीस दिस मी गावाच्या मधनं शाळंत जात हुते. डोईवर सरपनाचा भारा. दारादारातनं बाया बघायच्या. थुकायच्या. तवा माझं नाव कुनी बदललं न्हाई.”

“तसं नाही मावशी…”

“गावाला माझं नाव ठाव न्हाई व्हय? तरास द्यायचा त्यो दिऊन झाला की समदा.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. 

“बाई, काय झालं ते सांगा,” ते म्हणाले. “सावकाश सांगा.”

बाईंनी सांगितलं. माझ्याच्याने ते सगळं जसंच्या तसं सांगवणार नाही, पण जेवढं सांगते त्यात माझी भर नाही.

निनादने गावाचं नाव बदलून देवळी ठेवलं होतं. पण पहिल्याच परिच्छेदात गावाच्या पूर्वेला बंद पडलेली सूतगिरणी, पश्चिमेला दोन शिखरांचा डोंगर आणि मधे दर्ग्याला लागून असलेली शाळा. आता असं गाव त्या तालुक्यात दुसरं कुठलं असणार? पाक्षिक गावात पोचलं आणि दोन ओळींत ओळखलं सगळ्यांनी. ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांना सगळं कळलं. 

शाळेत गुरुजी नवीन, कोण कुठल्या वस्तीतलं तेही अजून ठाऊक नसलेले. घटना नऊ वर्षांपूर्वीची, त्यांना काय माहीत? त्यांनी वाचलं, गावातल्या शालनने एक्केचाळीस दिवस चूल पेटती ठेवली. गावात शालन एकच. शालन तानपुरे.

“आन शालन तानपुरे कोन, म्हाईत हाय?” बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “जिनं ताटली पालथी घातली ती! माझ्या ह्या पायावर. गरम खिचडी. ह्यो बघा डाग.”

त्यांनी लुगडं घोट्याच्या वर चार बोटं उचललं.

मी बघितलं. सरांनी बघितलं. निनादने नाही बघितलं, त्याने चार वर्षांपूर्वी बघून लिहून घेतलं होतं. प्रबंधात त्या ताटली पालथी करणारीला नावच नव्हतं. ‘एक महिला पालक’ एवढंच.

आठ मार्चला शाळेत महिला दिन झाला. गुरुजींनी लेख मोठ्याने वाचला. सरपंचाने शालन तानपुरेला साडी आणि नारळ दिला. आणि ती बया उठली, पदर सावरला आणि घेतला! ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं समोर बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“वाजवनारच की,” बाई म्हणाल्या. “त्यास्नी बरंच झालं. गावाचं नाव बी झालं आन माझं बी गेलं.”

“मावशी, मला खरंच कल्पना नव्हती…” निनाद खाली बसला.

“आवो, त्या साडीचं मला काय बी न्हाई. नेस म्हनावं. पर माझी नात हाय, सृष्टी. तिसरीत. त्याच शाळंत. तिला मी झोपताना सांगायची ती गोष्ट. रिकाम्या ताटल्यांची. रोज सांग म्हनायची. त्या दिशी शाळंतनं आली आन…”

त्या थांबल्या. पदराचं टोक हातात घेऊन पिळत राहिल्या.

“आन म्हनली, आजी, तू खोटं सांगत हुतीस.”

बाईंनी पदराने तोंड पुसलं.

“आता न्हाई ऐकत ती. म्हनती, पुस्तकात शालन हाय. गुरुजींनी वाचलंय. … दादा, पुस्तकातलं खोटं आसतंय का हे मी आट वर्साच्या पोरीला कसं सांगू?”

माझ्या अंगाची आग आग झाली. कुणावर, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. निनादवर म्हणावं, तर त्या प्रबंधात खरं नाव काढून शालन घालणारी मीच. संगणकाला सांगायचं असतं, हे शोध आणि तिथे ते घाल. मी कळ दाबली, संगणकाने सांगितलं, त्रेसष्ट ठिकाणी बदल झाला. मी चहा प्यायला गेले.

“सबनीस,” सर म्हणाले. “शालन हे नाव कुठून आणलंस?”

“सर, नावं त्या भागातली वाटायला हवीत ना. उगाच शहरी नावं घातली की खोटं वाटतं. म्हणून…”

“म्हणून?”

“त्या गावच्या मतदारयादीतून घेतली. आणि सरमिसळ केली.”

सरांनी चष्मा काढला.

वाघमोडे सर चिडले की ओरडत नाहीत, चष्मा काढतात. सव्वीस वर्षांत मी ते चारदा बघितलंय. एकदा कुलगुरूंसमोर.

“म्हणजे खऱ्या बाईचं नाव झाकायला दुसऱ्या खऱ्या बाईचं नाव घेतलंस. त्याच गावातल्या.”

“यादीत बाराशे बायका होत्या सर. योगायोग आहे हा.”

“बाराशे जणींपैकी कुणीही असती, तरी ती शेजारीणच असती यांची.”



निनादला धीर आला, किंवा त्याचं घड्याळाकडे लक्ष गेलं. पावणेचार वाजले होते.

“पण सर, नावं बदलायची हे तुम्हीच शिकवलंत. पहिल्या सत्रात, पहिल्या तासाला. तुमच्या स्वतःच्या पुस्तकात सगळी नावं बदललेली आहेत. आम्हाला ते पुस्तक अभ्यासाला आहे!”

मला वाटलं, आता सर बोलतील. काहीतरी असं, की पोराची मान खाली जाईल.

सर खिडकीकडे बघत राहिले.

“आहे,” ते म्हणाले. “एकतीस वर्षांपूर्वीचं पुस्तक. धरणाखाली गेलेली वाडी.”

“मग?”

“त्या वाडीतलं कुणी मला विचारायला आलं नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “मीही परत गेलो नाही.”

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. सरांनी नजर वळवली.

“मला तुमी शिकल्यालं काय कळत न्हाई,” बाई म्हणाल्या. “माझं नाव लिवा तेवढं. मी परत जाते.”

“मावशी, पुढच्या वेळी नक्की.” निनादने हात जोडले. “पुस्तक छापेन तेव्हा पहिल्याच पानावर लिहीन तुमचं नाव. पण आज नाही होणार. हे बांधून झालंय. पाच वाजता परीक्षा विभागाची खिडकी बंद होते. आणि मावशी, तुम्ही संमती दिली होतीत. लेखी. नाव बदला म्हणून तुम्हीच खूण केली होती फॉर्मवर.”

“मी?”

“हो. दोन चौकोन होते. माझे नाव द्यावे, आणि माझे नाव बदलावे. तुम्ही दुसऱ्यावर खूण केलीत आणि खाली सही केलीत.”

बाई गोंधळल्या. इतका वेळ ताठ उभी असलेली बाई, पण कागदाचं नाव निघाल्यावर तिचे खांदे जरा खाली आले. कागदावर आहे म्हटल्यावर आपल्याकडची माणसं गप्प बसतात, हे मी या विभागात शिकले, आणि हे शिकवायला कुठला प्राध्यापक लागला नाही.

“सही केली, ते आठवतंय,” त्या हळू म्हणाल्या. “तुमी म्हनला, हितं करा. खून… खुनंचं काय आठवंना.”

“कुडाळकर,” सर म्हणाले. “संमतीपत्रांची फाइल.”

किल्ली माझ्याच कमरेला. ही फाइल गोपनीय म्हणून कुलपात असते. मी काढून आणली. सत्तर फॉर्म, सत्तर बायकांचे. वरूनच सातवा बाईंचा होता. वाकडी, मोठी, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवलेली सही. वच्छला लोखंडे.

मीच पुसलेलं हे नाव इथून बाहेर गेलेल्या एकाही पानावर नव्हतं. ते इथे होतं, कुलपात.

सरांनी तो फॉर्म घेतला. वरचा एक घेतला, खालचा एक घेतला. तिन्ही कागदांच्या कडा जुळवल्या. उठून खिडकीशी गेले आणि कागद काचेवर धरले. बाहेर चांगलं ऊन होतं.

“सबनीस, इकडे ये.”

निनाद गेला. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं.

तीन सह्या एकमेकींवर चढल्या होत्या. एक वर, एक खाली, एक पार समासाबाहेर. वाचता येत नव्हत्या, नुसता गिचका. पण दुसऱ्या चौकोनातली खूण…

खूण एकच दिसत होती. तीन कागद, आणि खूण एक. केसाएवढीही हलली नव्हती. तिची शेपटीसुद्धा एकाच जागी.

“किती बायकांनी केली ही?”

निनादने ओठ चावला.

“सर, सत्तर फॉर्म होते. सगळ्यांची नावं बदलायचीच होती. प्रत्येकीला समजावत बसायचं म्हणजे… म्हणून एकावर करून झेरॉक्स काढल्या.”

“गावात जायच्या आधी?”

“आधी.”

“इथे? विभागात?”

“…हो.”

काढून मीच दिल्या होत्या त्या झेरॉक्स. सत्तर. एकदा कागद अडकला म्हणून मशीनला शिव्याही दिल्या होत्या. दोन चौकोन, त्यातला एक आधीच भरलेला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर वाचलं असतं ना मी!

सरांनी कागद बाईंसमोर धरले.

“बाई, ही खूण तुमची नाही.”

“न्हाई ना?” बाईंनी सुस्कारा सोडला. “मला वाटलं, मीच इसरले का काय.”

आणि मग त्यांचा चेहरा बदलला. उशिरा, पण बदलला. त्या निनादकडे वळल्या.

“दादा, माझ्या घरी तुमी जेवायचा. तवा रोज इचारायची मी, तिखाट चालंल का, भाकर कडक देऊ का मऊ देऊ. रोज. आन तुमी मला येकदा इचारलं न्हाई?”

निनाद टेबलावरच्या प्रती सारख्या करायला लागला. काय बोलणार होता, कपाळ?

तेवढ्यात चहा आला. मीच सांगितला होता, मघाशी. मी कप बाईंच्या हातात द्यायला गेले.

“मला नगं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकात शालन हाय ना, तिला पाजा.”

त्यांनी पाक्षिकाची घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि पिशवीचे बंद मनगटात अडकवले. साडेचारची एसटी होती. त्यानंतरची गावात जात नाही, फाट्यावर सोडते.

दारात चपला घालताना त्या एकदा थांबल्या. मला वाटलं, वळतील. वळल्या नाहीत.

चार वाजून दहा मिनिटं.

निनादने डोळे पुसले. खरंच पुसले, मी कशाला नाही म्हणू? मग त्याने उघडी प्रत पुन्हा सरांपुढे सारली.

“सर, मी पुढच्याच आठवड्यात गावात जातो. गुरुजींना भेटतो. पाक्षिकाला पत्र लिहितो. सगळं निस्तरतो. पण आज सही करा. चार वर्षं आहेत यात माझी.”

सरांनी ती प्रत मिटली.

मिटून समोर धरली, मुखपृष्ठ बघितलं. ‘प्राथमिक शाळेतील मध्यान्ह भोजन आणि जातीय प्रतिकार’. त्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, सोनेरी, ‘निनाद श्रीरंग सबनीस’.

“कुडाळकर, ग्रंथालयाच्या पट्ट्या आहेत?”

पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लिहायला लावतो त्या, मागे डिंक असलेल्या. मी ड्रॉवरमधून काढून दिल्या.

“आणि संशोधक विद्यार्थ्यांची यादी.”

ती भिंतीवरच होती. मी बोट दाखवलं. सर उठून यादीपाशी गेले, डोळे मिटले आणि यादीवर बोट ठेवलं. डोळे उघडले, वाचलं. परत येऊन एका पट्टीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं.

अद्वैत पेंडसे.

आता हा पेंडसे कोण ते सांगते. दोन वर्षांपूर्वी ‘खिचडीवर कसली पीएच.डी.’ म्हणून ज्याने समितीकडे अर्ज दिला होता, सबनीसची नोंदणी रद्द करा म्हणून, तो हा पेंडसे. यादीत चौदा नावं. सरांचे डोळे पुरते मिटलेले होते की नाही, मी शपथेवर सांगणार नाही.

सरांनी पट्टीला जीभ लावली आणि मुखपृष्ठावर, निनादच्या नावावर, चिकटवली. अंगठ्याने कडा नीट दाबल्या. 

“सर!”

सरांनी दुसरी प्रत ओढली. दुसरी पट्टी लिहिली.

“सर, हे काय चाललंय?”

तिसरी.

“पेंडसे? पेंडसेचा काय संबंध! तो बंद पाडायला निघाला होता हे! त्या गावात मी राहिलोय! माझा ताप, माझी पायपीट, माझी चार वर्षं! हे काम मी केलंय सर, मी!”

ओरडलाच तो. बाहेर व्हरांड्यातली मुलं थबकून आत डोकावली.

सरांनी चौथी पट्टी लावली, पाचवी लावली. आणि पेनाला टोपण लावून खिशात अडकवलं.

“तुझ्या सुरक्षिततेसाठी,” ते म्हणाले.

निनाद उभाच राहिला. तोंड उघडं, हात अर्धवट पुढे आलेला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी राग होता. मग तो राग जाईना, पण त्याच्या आत दुसरं काहीतरी शिरलं. मघाशी जिथे बाई उभ्या होत्या, नेमका त्याच फरशीवर तो उभा होता. त्याला ते कधी कळलं ते मला ठाऊक नाही. पण कळल्यावर तो बाजूला सरकला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

 चहाचे चारही कप तसेच, वर साय धरलेले.

साडेचार झाले. एसटी निघाली असणार.

मी माझ्या टेबलापाशी गेले. संगणकावर पाचवं प्रकरण उघडलं. शोध, शालन. त्याने त्रेसष्ट दाखवले. यावेळी मी एका कळीत काही केलं नाही. एकेक जागी गेले, एकेक पुसलं आणि हाताने टाइप केलं. वच्छला. वच्छला. तिसाव्या जागी पोचले तेव्हा परीक्षा विभागाची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. लोखंडी आहे ती, अख्ख्या इमारतीत ऐकू येते.

निनादलाही ऐकू आला. तो हलला नाही.

मी टाइप करायची थांबले. मला त्याची दया आली आणि त्या दयेचा मला रागही आला. सत्तर बायकांच्या खुणा याने इथे बसल्या बसल्या केल्या, आणि मी त्याच्या चार वर्षांसाठी कळवळत होते. बाईंच्या एक्केचाळीस दिवसांसाठी मात्र मी तोंड धुऊन आले होते, एवढंच!

आत निनादने वरची प्रत उचलली. पट्टीच्या एका कोपऱ्याला नख लावलं. डिंक अजून पुरता धरला नव्हता, सहज निघाली असती. नख तसंच ठेवून त्याने विचारलं,

“सर… ही काढू?”

सर झोळी खांद्याला लावत होते. दारापर्यंत गेले. बाईंनी चपला काढल्या होत्या तिथे क्षणभर थांबून खाली बघितलं.

“वच्छलाबाईंना विचार,” ते म्हणाले. “आणि सबनीस… खूण आधी करून नेऊ नकोस.”